पारगड, दोन टॉर्च आणि एक उलटा सेल

गेल्या वर्षीची गोष्ट. श्रावण संपत आला होता. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सुट्टीला आमच्याकडे टिळकवाडीत आला होता. आठवीतला मुलगा, दिवसभर मोबाईलवर. "मामा, कुठंतरी जाऊया की," असं तो म्हणाला आणि मी लगेच पारगड ठरवला. ताईला फोन केला. तिनं एकच विचारलं, "पावसात नेतोयस, सगळी तयारी आहे ना?" मी म्हटलं, "अगं, सगळं नवं सामान घेतलंय."

ते खरंच होतं. महिन्याभरापूर्वी मी ऑनलाइन एक मोठी सॅक आणि एक टॉर्च मागवला होता. सॅकवर ठळक अक्षरांत 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. टॉर्चच्या खोक्यावर ल्युमेनचा पाच आकडी आकडा, झूम, एसओएस, सगळं काही. दोन्ही मिळून दीड हजारात. मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसात एक ओळ बदलली तरी टेस्टिंग केल्याशिवाय बाहेर सोडत नाही. आणि हा टॉर्च मात्र खोक्यातून काढून थेट सॅकमध्ये टाकला होता.

निघताना बाबांनी त्यांचा जुना दोन सेलचा स्टीलचा टॉर्च पुढं केला. मी हसून म्हटलं, "बाबा, तो आता म्युझियममध्ये ठेवायचा." बाबा काही बोलले नाहीत. तो टॉर्च त्यांनी नातवाच्या शाळेच्या दप्तरात घातला. ते मला नंतर कळलं.

पार टोकाचा गड

ज्यांनी पारगड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड करत गेलं की अडीचेक तासांत आपण सह्याद्रीच्या अगदी कडेला पोचतो. गड कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात, पण खाली पाहिलं की सिंधुदुर्गातला दोडामार्ग आणि पुढं गोव्याचे डोंगर. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या या टोकाला गड उभारला. पार टोकाला म्हणून पारगड, असं तिकडं सांगतात. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथला पहिला किल्लेदार. त्या वेळी गडावर ठेवलेल्या माणसांचे वंशज आजही वर राहतात. बरेच किल्ले ओस पडले, इथं मात्र अजून चुली पेटतात. भवानीचं देऊळ आहे, तोफा आहेत, आणि पावसाळ्यात दहा पावलांवरचा माणूस दिसणार नाही असं धुकं आहे.

आम्ही तिघं होतो. मी, माझा आतेभाऊ आणि भाचा. बाराच्या सुमारास पोचलो, पायऱ्या चढून वर गेलो, देवळात बसून डबे खाल्ले. भाचा खूश होता. तीन वाजता मला सुचलं की कोकणात मोर्ल्याकडं उतरणारी जुनी पायवाट थोडी बघून यावी. गडावरचे एक आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "उशीर नाही का झाला?" मी म्हटलं, "तासाभरात येतो."

इथं पहिली चूक झाली. सामानाशी तिचा संबंध नाही, आणि कुठलंही सामान ती भरून काढत नाही. गडावरचा माणूस उशीर झाला म्हणतो तेव्हा उशीर झालेला असतो.

अंधारात काय काय बंद पडलं

चार वाजता पावसानं धरलं. सव्वाचारला आम्ही परत फिरलो. दहा मिनिटांत भाचा शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. हाड मोडलं नव्हतं, पण पाय टेकवत नव्हता. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आतेभाऊ, असे आम्ही चढू लागलो. चढण तासाभराची, पण या चालीनं तिप्पट वेळ लागणार हे दिसत होतं.

वाटेत माझ्या सॅकचा उजवा पट्टा, जिथं तो पाठीला शिवलेला असतो तिथून, टराटरा उसवला. सॅक हातात धरावी लागली. म्हणजे भाच्याला धरायला माझा एकच हात उरला. त्याला कोरडा शर्ट द्यावा म्हणून सॅक उघडली तर आत तळं. कपडे, बिस्किटं, माझा फोन, सगळं पाण्यात. वरून रेनकव्हर होतं, पण पाणी पाठीकडून, शिवणीतून आणि चेनमधून आत गेलं होतं.

साडेसहाच्या आधीच झाडीत काळोख झाला. मी ऐटीत टॉर्च काढला. लागला. चार-पाच मिनिटं झकास उजेड पडला, मग तो लुकलुकायला लागला आणि गेला. बटणातून पाणी आत शिरलं होतं. आतेभावाचा फोन चालू होता, बॅटरी 11 टक्के. त्याचा दिवा लावला तर धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली, पायाखालचं काही दिसेना.

त्याच वेळी वरच्या बाजूला झाडीत काहीतरी जड हललं आणि फुस्स असा आवाज आला. गवा. या भागात गवे आहेत, गेली वीसेक वर्षं रानटी हत्तींचाही वावर आहे, हे मला पेपर वाचून माहीत होतं. वाचणं वेगळं आणि दिसत नसताना ऐकणं वेगळं. आम्ही तिघं एका झाडाला टेकून उभे राहिलो. भाच्याचे दात वाजत होते. थंडी अशी फार नव्हती, पण अंगावर भिजलेली जीन्स आणि डोंगरावरचा वारा. त्यानं विचारलं, "मामा, आईला फोन लागेल?" रेंज नव्हती. ताईला मी काय सांगून निघालो होतो ते आठवलं आणि पोटात खड्डा पडला.

मग तो म्हणाला, "माझ्याकडे आजोबांचा टॉर्च आहे." दप्तरातून त्यानं तो काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबर. बटण दाबलं. लागला नाही. आतेभाऊ म्हणाला, "झालं, हाही गेला." भाचा एक क्षण थांबला आणि म्हणाला, "नाही नाही, आजोबांनी सांगितलंय. एक सेल उलटा ठेवलाय."

बाबांची ही जुनी सवय. प्रवासात टॉर्चचं बटण चुकून दाबलं जाऊन सेल संपू नयेत म्हणून ते एक सेल उलटा घालून ठेवतात. भाच्यानं अंधारात, थरथरत्या बोटांनी झाकण उघडलं, सेल फिरवला, झाकण लावलं. पिवळसर, काडेपेटीएवढा उजेड पडला. आतेभावानं टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर धरला आणि पायापुढचे दगड दिसू लागले. गवा कधी निघून गेला कळलं नाही.

आठच्या सुमारास वरून कुणीतरी हाक मारली, "कोण हाय तकडं?" ओसरीवरचे ते आजोबा आणि त्यांचा मुलगा आम्हाला शोधायला निघाले होते. आजोबांच्या अंगावर घोंगडं, हातात साधा टॉर्च. त्यांनी भाच्याला घरात नेलं, ओले कपडे काढायला लावले, घोंगड्यात गुंडाळून चुलीपुढं बसवलं आणि गूळ घातलेला चहा दिला. मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सुभेदारकाकांची शाळा

ताई नंतर रागावली नाही. फक्त "पाय कसा आहे त्याचा?" एवढंच विचारत राहिली. आणि पुढचे कितीतरी महिने भाच्याला आमच्याकडे पाठवायची वेळ आली की काही ना काही निघायचं. क्लास असायचा, परीक्षा असायची.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात असल्यामुळे बेळगावात प्रत्येक गल्लीत एखादे निवृत्त फौजी असतातच. आमच्या गल्लीत सुभेदारकाका आहेत. मी त्यांना उसवलेली सॅक दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "ही कॉलेजला न्यायची पिशवी आहे. तू हिच्यावर पोराला नेलास." मग दोन-तीन रविवार त्यांनी मला शिकवलं. त्यात मी स्वतः वाचून आणि करून पाहिलेलं मिळवून सांगतो.

सॅक घेताना आधी लिटर ठरवा. एका दिवसाला 25 ते 30 लिटर पुरतात, मुक्कामाला 40 ते 50. त्याहून मोठी घेतली की ती रिकामी राहत नाही, आपण भरतोच. मग पाठीची लांबी बघायची. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका हाताला लागतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. सॅकची पाठ या मापाशी जुळली तर कमरपट्टा बरोबर हाडावर बसतो आणि बराचसा भार खांद्यांऐवजी कमरेवर जातो. म्हणून पट्टा पोटावर नाही, हाडावर आवळायचा. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान वाटते. मी तांदळाच्या 5 किलोच्या दोन पिशव्या घरून घेऊन गेलो, आत घातल्या आणि दुकानात वीस मिनिटं फिरलो. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, "असं सगळ्यांनी केलं तर परत करायला कोण येणार नाही."

कापड बघण्याआधी शिवण बघा. खांद्याचा पट्टा पाठीला जिथं जोडलेला असतो, तिथं दोऱ्याचे टाके आडवे-उभे दाट घातलेले हवेत. एकेरी शिवण दिसली तर सॅक ठेवून द्या. वरचं धरायचं हँडल धरून भरलेली सॅक दोन-तीनदा झटकून बघा. चेन ओल्या हातानं, एका हातानं उघडते का बघा. आणि आतला लेप. आपल्या हवेत सॅक माळ्यावर दोन पावसाळे तशीच पडली की आतला पाणी अडवणारा लेप चिकट होतो, मग सोलून निघतो. म्हणून ट्रेकहून आल्यावर सॅक सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवायची.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबू नका. रेनकव्हर पावसाला समोरून अडवतं. पाठीवरून ओघळणारं पाणी त्याला दिसतच नाही. उपाय अगदी स्वस्त आहे. सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालायची, सगळं सामान त्या पिशवीत आणि तोंड पिळून, दुमडून बांधायचं. सॅक भिजली तरी सामान कोरडं. आपल्या शेतकऱ्यांचं इरलं बघा. रोप लावताना वाकलेली पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. कुणीतरी पाठीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा विचार करूनच ते केलेलं आहे. कपड्यांचंही तसंच. सुती कपडा आणि जीन्स भिजली की अंगातली ऊब खेचून घेते. लोकर ओली असूनही थोडी ऊब धरते. आजोबांच्या घोंगड्याचं रहस्य तेच.

टॉर्चचे चार आकडे

टॉर्चच्या खोक्यावर चार गोष्टी शोधायच्या: उजेड किती ल्युमेन, किती मीटर लांब पडतो, किती तास चालतो आणि पाण्याला किती टिकतो. हे आकडे मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला 'एएनएसआय एफएल1' म्हणतात. चांगल्या कंपन्या त्याच पद्धतीनं आकडे देतात आणि तसं खोक्यावर लिहितात. त्यात दोन खुब्या आहेत. 'इतके मीटर' म्हणजे तिथं उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. आणि 'इतके तास' म्हणजे उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे 8 तास लिहिलं म्हणून आठही तास सारखा उजेड मिळेल असं नाही.

पायवाटेनं चालायला 100 ल्युमेनही पुरतात, वाट शोधायला 200 ते 300 हाताशी असावेत. तंबूत किंवा घरात 5-10 खूप होतात. पाच आकडी ल्युमेन दीड हजाराच्या सामानात फुकट मिळत असतील तर तो आकडा छापखान्यातला आहे असं समजा.

पाण्यासाठी 'आयपीएक्स' आणि पुढचा आकडा बघा. 4 म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी चालतं. 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. आमच्या पावसाला मी 7 च्या खाली जात नाही. घेतल्यावर पहिलं काम, बादलीत अर्धा तास बुडवून बघायचं. फुटायचा तर घरी फुटू दे, परत तरी करता येतो. मग एक रात्र गच्चीवर लावून ठेवायचा आणि दर अर्ध्या तासानं बघायचा. मी हे केलं तेव्हा बायकोनं विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?"

सेलचं गणितही समजून घ्या. चार्ज होणारा एक प्रसिद्ध सेल आहे, त्याला 18650 म्हणतात. व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. या मापात चांगल्यातला चांगला सेल 3,500 एमएएचच्या आसपास देतो. त्यावर 9,900 लिहिलेलं दिसलं की तो सेल खोटा, आणि खोटा लिथियम सेल नुसता फसवत नाही, तापून पेटूही शकतो. मुख्य टॉर्च मी असा चार्ज होणारा, डोक्याला बांधायचा ठेवलाय, म्हणजे दोन्ही हात मोकळे. दुसरा टॉर्च मुद्दाम साध्या डबल ए सेलचा. ते सेल चंदगडच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. सुभेदारकाका म्हणाले तसं, एकाच टॉर्चवर रानात शिरणं म्हणजे एकाच दोरीवर विहिरीत उतरणं.

धुक्यात डोक्यावरचा दिवा उलट त्रास देतो, उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. तेव्हा तो काढून हातात, कमरेखाली धरायचा आणि उजेड कमी करायचा. बाबांच्या टॉर्चनं त्या रात्री काम दिलं ते त्यामुळंच. मंद होता, आणि खाली धरला होता.

आणि बाबांच्या उलट्या सेलबद्दल. जुन्या, साध्या बल्बच्या टॉर्चला ती युक्ती चालते. आताच्या एलईडी टॉर्चमध्ये सर्किट असतं, उलट्या सेलनं ते जळू शकतं. त्याला मागचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवायचं. बहुतेक चांगल्या धातूच्या टॉर्चमध्ये तेवढ्यानं वीज तुटते. बटण दिसतं का, लागतं का ते प्रवासाआधी तपासा. आणि घरी ठेवताना साधे सेल काढूनच ठेवा, नाहीतर ते पाझरून आतला पत्रा खातात.

बाकी सॅकमध्ये शिट्टी (संकटात मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा), सुतळी, जळवांसाठी मीठ, ओआरएस, चिक्की आणि क्रेप बँडेज. जड सामान पाठीला लागून मध्यभागी, रेनकोट सगळ्यात वर. टॉर्चचा कप्पा ठरलेला, दर वेळी तोच. डोळे मिटून हात घातला की टॉर्चच लागला पाहिजे. आणि घरी कागदावर लिहून ठेवायचं: कुठं जातोय, किती वाजता परत येणार, आलो नाही तर किती वाजता 112 ला फोन करायचा.

पुन्हा पारगड

यंदा मे महिन्यात भाच्यानंच विषय काढला. ताई म्हणाली, "सामान मला दाखवा, मग बघू." आम्ही तिच्या हॉलमध्ये सगळं मांडलं. भाच्यानं दिवे बंद केले आणि अंधारात सॅकमधून टॉर्च काढून दाखवला. ताईनं तीन वेळा काढायला लावला. मग तिनं मला विचारलं, "आणि गडावरच्या माणसानं उशीर झाला म्हटलं तर?"

मी म्हटलं, "तिथंच बसायचं."

"मग जा," ती म्हणाली.

जूनच्या पहिल्या पावसात आम्ही गेलो. आजोबांसाठी कुंद्याचा डबा नेला. त्यांनी भाच्याला ओळखलं, पाय पुढं करायला लावून घोटा दाबून बघितला. त्यांचा टॉर्च दाराजवळच्या खुंटीला टांगलेला होता. भाच्यानं विचारलं, "हा कायम इथंच असतो?" आजोबा म्हणाले, "दुसरीकडं ठेवला तर अंधारात सापडंल का?" त्या दिवशी आम्ही गडाच्या खाली उतरलोच नाही. चार वाजता गाडीत बसलो आणि उजेडात चंदगड गाठलं.

आता आमच्या दाराजवळही एक खुंटी आहे. तिला बाबांचा टॉर्च असतो. मी एकदा बाबांना म्हटलं, यात नवा एलईडी बल्ब बसवून देतो. ते म्हणाले, "बसव. पण सेल मी घालणार."

तुमच्याही घरात कुठंतरी एखादा टॉर्च असेल. आज जेवण झाल्यावर तो शोधा, उघडा आणि सेल बघा. मुलांना लावायला सांगा, दिवे बंद करून.